विश्लेषण : माळरानावर कार्बनची शेती, पण हिशेब तपासणार कोण?

कसबा पेठेतील जुन्या वाड्यातील दहा बाय दहा फुटांची खोली साधारण सव्वानऊ चौरस मीटरची असते. केंद्र सरकारच्या ‘ग्रीन क्रेडिट’ योजनेने फेब्रुवारी २०२४ मध्ये हेक्टरी किमान ११०० झाडांची अट घातली, तेव्हा एका झाडाच्या वाट्याला जवळपास एवढीच जागा आली. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर हे गणित कदाचित जमेलही. पण पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला, इंदापूर-बारामतीच्या माळरानावर वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथे खोलीगणिक एक झाड लावायचे, म्हणजे माळरान मोडायचे. ही अट ऑगस्ट २०२५ मध्ये बदलली. मूळ प्रश्न मात्र तसाच आहे : निसर्गासाठी राखलेल्या जमिनीवर झाडे वाढवून त्याचे ‘क्रेडिट’ कमावले जात असेल, तर ते खरे की खोटे हे कोण तपासणार?

कार्बन शेती म्हणजे नेमके काय?

झाडे, गवत आणि माती हवेतील कार्बन शोषून साठवतात. हा साठा मुद्दाम वाढवायचा, तो मोजायचा आणि त्याच्या बदल्यात मिळालेले क्रेडिट विकायचे, याला कार्बन शेती म्हणतात. एक कार्बन क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. ते विकत घेणारी कंपनी आपल्या धुराड्यातून बाहेर पडलेला एक टन वायू ‘फिटला’ असे कागदोपत्री दाखवू शकते. शेतकऱ्याच्या बांधावरील बांबू, खाडीकाठची कांदळवने, वनखात्याची ओसाड जमीन अशा सगळ्याच ठिकाणी हा व्यवहार होऊ शकतो. कापूस किंवा कांदा विकताना माल समोर असतो. इथे विकला जाणारा माल डोळ्यांना दिसत नाही, तो फक्त हिशेबात असतो. त्यामुळे या बाजारात सगळी भिस्त मोजमापावर आणि ते तपासणाऱ्यावर आहे.

ग्रीन क्रेडिट आणि कार्बन क्रेडिट यांत फरक काय?

भारतात या दोन स्वतंत्र व्यवस्था आहेत. ऊर्जा संवर्धन कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर २८ जून २०२३ रोजी कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित झाली. तिचा कारभार ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोकडे, नोंदवही ग्रिड कंट्रोलर ऑफ इंडियाकडे आणि व्यापारावरील नियंत्रण केंद्रीय वीज नियामक आयोगाकडे आहे. दुसरी व्यवस्था ग्रीन क्रेडिटची. तिचे नियम १२ ऑक्टोबर २०२३ रोजी पर्यावरण संरक्षण कायद्याखाली आले. ती केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या अखत्यारीत असून तिचे प्रशासन डेहराडूनच्या भारतीय वानिकी संशोधन व शिक्षण परिषदेकडे आहे.

ग्रीन क्रेडिटचे चलन टन नाही, झाड आहे. वनखात्याने आपल्या ताब्यातील ‘अवनत’ जमिनीचे तुकडे जाहीर करायचे, कंपनीने पैसे भरायचे, वनखात्याने लागवड करायची आणि क्रेडिट कंपनीच्या खात्यावर जमा व्हायचे, असा हा मार्ग आहे. हे क्रेडिट कंपनीला सामाजिक दायित्वाच्या अहवालात दाखवता येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, खाणीसाठी किंवा प्रकल्पासाठी जंगल तोडल्यावर जी भरपाई वनीकरणाची अट असते, तीही त्यातून पुरी करता येते. शिवाय ज्या कामाला ग्रीन क्रेडिट मिळाले, त्याच कामासाठी कार्बन क्रेडिटही मिळू शकेल, अशी मुभा २०२३ च्या नियमांतच आहे. म्हणजे झाड एक आणि पावत्या दोन. दोन्ही पावत्या दोन वेगळ्या मंत्रालयांच्या दप्तरी असताना त्यांचा मेळ कोण घालणार, हा देखरेखीतला पहिला पेच आहे.

राखीव जमिनीवर वेगळी अडचण कोणती?

कार्बन क्रेडिटचा पाया एका साध्या प्रश्नावर उभा आहे : पैसे मिळाले नसते तर हे काम झाले असते का? झाले असते, तर त्या क्रेडिटला अर्थ नाही. जे होणारच होते त्याचे पैसे घेऊन हवेतील वायूत काहीच फरक पडत नाही. उलट ते क्रेडिट घेणारी कंपनी तेवढा जास्त धूर सोडायला मोकळी होते.

शेतकऱ्याच्या खासगी जमिनीवर या प्रश्नाचे उत्तर शोधता येते. राखीव वन किंवा अभयारण्य यांच्याबाबत ते अवघड होते. ती जमीन कायद्यानेच सांभाळायची आहे. तिच्यासाठी खाते आहे, कर्मचारी आहेत, अंदाजपत्रकात तरतूद आहे आणि २०१६ च्या कायद्याने उभा राहिलेला भरपाई वनीकरणाचा निधीही आहे. अशा जमिनीवरील सुधारणा कंपनीच्या पैशामुळे झाली की सरकारच्या नेहमीच्या कर्तव्यातून, हे वेगळे काढून दाखवावे लागते. ते दाखवले नाही, तर सरकार आपलेच कर्तव्य क्रेडिटच्या रूपाने विकते आहे, असा त्याचा अर्थ होतो.

जमीन ‘अवनत’ किंवा ‘पडीक’ हे कोण ठरवते?

इथे जुन्या महसुली भाषेचे ओझे आहे. ‘कसबा’ म्हणजे परगण्याचे मुख्य ठिकाण, जिथून महसुलाचा कारभार चाले. त्या कारभाराच्या नजरेत जी जमीन सारा देत नाही ती पडीक. इंग्रजी अमलात ‘वेस्टलँड’ हा शब्द रुळला आणि स्वातंत्र्यानंतरही तो सुटला नाही. देशाच्या पडीक जमिनींच्या सरकारी नकाशासंग्रहात झुडपी जमीन आणि अवनत चराऊ कुरणे आजही पडीकच्या रकान्यांत आहेत.

पण माळरान म्हणजे जंगल तोडल्यावर उरलेली जागा नव्हे. कमी पाऊस, उथळ माती आणि चरणारी जनावरे यांतून घडलेली ती स्वतंत्र परिसंस्था आहे. पवन्या, मारवेल, कुसळी अशी गवते, अधूनमधून एखादी बाभूळ किंवा बोर, आणि त्यावर जगणारे चिंकारा, लांडगा, तरस, खोकड, धाविक, चंडोल हा तिचा संसार. बारामती तालुक्यातील सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचे आहे आणि ते चिंकाऱ्यासाठी राखले आहे. एम. डी. मधुसूदन आणि अबी तमीम वनक यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नकाशानुसार अशा निमशुष्क खुल्या परिसंस्था देशाच्या सुमारे १० टक्के भूभागावर आहेत. त्यांतील पाच टक्क्यांहून कमी क्षेत्र संरक्षित आहे. उरलेले क्षेत्र कोणत्याही योजनेला ‘रिकामे’ म्हणून उपलब्ध असते.

चाळीस टक्के छत्राच्या अटीने प्रश्न सुटला का?

हेक्टरी ११०० झाडांच्या अटीवर अभ्यासकांनी टीका केली. एप्रिल २०२४ मध्ये मंत्रालयाने निव्वळ वृक्षलागवडीपेक्षा परिसंस्था सावरण्याला प्राधान्य असल्याचा खुलासा केला. त्यानंतर २९ ऑगस्ट २०२५ रोजी नवी कार्यपद्धती आली. आता किमान पाच वर्षांचे काम आणि किमान ४० टक्के वृक्षछत्र साधल्यावरच क्रेडिट मिळते. शिवाय ते मुख्य कंपनी आणि तिच्या उपकंपन्या यांच्यापलीकडे कोणाला देता येत नाही. रोप लावले की पावती, हा प्रकार त्यामुळे थांबला, ही सुधारणा मान्य करायला हवी.

पण माळरानाच्या दृष्टीने नवी अट जुनीइतकीच घातक आहे. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या वर्गवारीत १० टक्क्यांहून कमी छत्र म्हणजे झुडपी जमीन, १० ते ४० टक्के म्हणजे विरळ वन आणि ४० टक्क्यांपासून पुढे मध्यम दाट वन. म्हणजे ज्या माळावर निरोगी अवस्थेतही पाच-सात टक्केच छत्र असते, त्याचे मध्यम दाट वन झाले तरच क्रेडिट. तिथे गवत परतले, चिंकारे वाढले, मातीची धूप थांबली, तरी हिशेबात शून्य. आणि सलग समतल चर खोदून, गवताचा थर उकरून, झपाट्याने वाढणारी झाडे दाटीने लावली तर क्रेडिट. गवताळ परिसंस्थेचा बहुतेक कार्बन जमिनीखाली, मुळांत आणि मातीत असतो. चर खोदताना तो विस्कटतो, पण छत्र मोजणाऱ्याला ते दिसत नाही. जे मोजले जाते तेच वाढवले जाते. त्यामुळे मोजपट्टी चुकीची असेल, तर देखरेख कितीही कडक असली तरी ती चुकीचेच काम नेटाने करून घेईल.

पुण्याच्या टेकड्यांचा अनुभव काय सांगतो?

हा धडा पुण्याने घराजवळच घेतला आहे. कसबा पेठेच्या पश्चिमेला वेताळ टेकडी आणि दक्षिणेला पर्वती-तळजईची रांग. या टेकड्या हिरव्या करण्यासाठी गेल्या काही दशकांत मध्य अमेरिकेतून आलेल्या गिरिपुष्पाची, म्हणजे ग्लिरिसिडियाची, मोठ्या प्रमाणावर लागवड झाली. झाड चिवट, जनावरे तोंड लावत नाहीत, फांदी खोचली तरी जगते. आकडेवारीच्या दृष्टीने लागवड यशस्वी ठरली. मार्चमध्ये गुलाबी फुलोरा आला की तिथे फोटो काढणाऱ्यांची गर्दीही होते. पण त्याच्या दाट सावलीखाली स्थानिक गवत आणि झुडपे मागे हटली आणि आता ते विरळ करून देशी झाडे आणण्याची मागणी अभ्यासक करत आहेत. छत्राच्या मोजपट्टीने ही टेकडी उत्तीर्ण होते. टेकडीवर काय होते आणि काय गेले, हे त्या मोजपट्टीला कळत नाही.

शहराच्या कडेची दुसरी गोष्टही लक्षात घेण्याजोगी आहे. १९९७ मध्ये पुण्यात आलेल्या २३ गावांतील सुमारे ९७८ हेक्टर टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचे आरक्षण आहे. राज्य सरकारने ते २०१५ मध्ये आठ टक्के हस्तांतरणीय विकास हक्काच्या मोबदल्यासह मान्य केले, पण मोबदल्याचा वाद मिटला नाही. अशा खासगी मालकीच्या आरक्षित जमिनींवर उद्या कार्बनचा पैसा हा मार्ग म्हणून पुढे येऊ शकतो. तो वाईटच असेल असे नाही. मात्र तो येण्याआधी मोजपट्टी कोणती, हे ठरलेले असायला हवे.

सध्याच्या देखरेखीत उणीव कुठे आहे?

जमीन वनखात्याची. ती अवनत आहे हे ठरवणार वनखाते. लागवडीचा खर्च सांगणार, पैसे घेणार आणि काम करणारही तेच. काम पुरे झाल्याचा दाखला त्यांचा. त्या आधारे क्रेडिट देणारी परिषद वनखात्याचीच वरची शिखर असलेल्या मंत्रालयाच्या अधिपत्याखालील. पडताळणीसाठी संस्था नेमण्याची तरतूद आहे, पण ती नेमणूकही याच साखळीत होते. कसबा पेठेतील तांबट आळीत घागर घेणाऱ्या गिऱ्हाइकालाही घडवणारा आणि वजन करणारा एकच असला तर दुसऱ्या काट्यावर खात्री करून घ्यावीशी वाटते. इथे दुसरा काटाच नाही.

ही शंका हवेतली नाही. भरपाई वनीकरणाबाबत नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१३ मध्ये दिलेला अहवाल पुरेसा बोलका आहे. २००६ ते २०१२ या काळात वळवलेल्या वनजमिनीच्या बदल्यात १ लाख ३ हजार हेक्टरहून अधिक बिगरवनजमीन मिळायला हवी होती. प्रत्यक्षात मिळाली सुमारे २८ हजार हेक्टर, म्हणजे २७ टक्के. त्यावर वनीकरण झाले ७ हजार २८० हेक्टरवर. महाराष्ट्रातही २०१७ ते २०१९ या काळातील कोट्यवधी वृक्षलागवडीच्या मोहिमेची चौकशी विधिमंडळाच्या समितीकडे सोपवण्याची वेळ २०२१ मध्ये आली. या प्रत्येक वेळी तपासणी झाली ती काम उरकल्यावर, पैसा खर्च झाल्यावर. क्रेडिटच्या बाबतीत उशीर अधिक महाग पडतो. कारण क्रेडिट एकदा वापरले की त्याच्या जोरावर तोडलेले जंगल परत येत नाही.

इतर देशांत काय घडले?

ऑस्ट्रेलियाने २०११ मध्येच कार्बन शेतीचा कायदा केला. तिथे क्रेडिटची नोंदणी, वाटप आणि सरकारच्या वतीने खरेदी ही कामे एकाच नियामकाकडे होती. या योजनेच्या सचोटीवर लक्ष ठेवणाऱ्या समितीचे माजी अध्यक्ष प्रा. अँड्र्यू मॅकिंटॉश यांनीच मार्च २०२२ मध्ये क्रेडिटच्या दर्जावर जाहीर आक्षेप घेतले. सरकारने माजी मुख्य वैज्ञानिक इयन चब यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालाने योजनेचा मूळ आराखडा योग्य ठरवला, पण नियामकाकडील परस्परविरोधी कामे वेगळी करा, अशी स्पष्ट शिफारस केली. पुढे २०२४ मध्ये मॅकिंटॉश आणि सहकाऱ्यांनी कोरड्या रानातील १८२ प्रकल्पांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जवळपास ८० टक्के प्रकल्पांत वृक्षाच्छादनातील वाढ नगण्य किंवा उणे निघाली. जंगल पुन्हा उगवण्यासाठी क्रेडिट मिळत होती, पण तिथली झाडे पाऊस चांगला झाला की वाढत आणि दुष्काळात घटत होती. दख्खनच्या माळाला हे वर्णन ओळखीचे वाटावे.

उत्तर केनियात गवताळ रानातील मातीच्या कार्बनवर क्रेडिट विकली गेली. त्यासाठी पशुपालकांची पारंपरिक चराई ‘नियोजित’ करायची होती. लोकांचा पुरेसा सहभाग न घेता तिथली दोन संवर्धन क्षेत्रे स्थापन झाल्याचे सांगत केनियाच्या न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये ती बेकायदा ठरवली.

ग्रामसभा आणि धनगर या हिशेबात कुठे आहेत?

वनहक्क कायदा, २००६ ने सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला दिला आहे. गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर वनक्षेत्रावर असा हक्क मिळाला आणि सामूहिक वनहक्कांत महाराष्ट्र देशात आघाडीवर आहे. मात्र ग्रीन क्रेडिटसाठी जमीन निवडताना ग्रामसभेचे म्हणणे निर्णायक ठरेल अशी तरतूद योजनेत नाही. ज्या जमिनीवर दावे प्रलंबित आहेत ती ‘वनखात्याच्या ताब्यातील अवनत जमीन’ म्हणून आधीच कंपनीच्या नावे लागवडीखाली गेली, तर हक्क मिळूनही हाती काय उरणार?

पूर्व पुण्यात हा प्रश्न धनगरांचा आहे. लागवड झाली की तारेचे कुंपण येते आणि काही वर्षे चराई बंद होते. पावसाळ्यात कळप घेऊन माळावर राहणाऱ्या आणि पुढे कोकणाची वाट धरणाऱ्या कुटुंबांना तेवढी वर्षे दुसरी जागा नसते. त्यांची चराई थांबल्याने गवताचे भले होते, असेही नेहमी घडत नाही. लांडगा आणि मेंढ्यांचे कळप या माळावर बराच काळ एकमेकांच्या सोबतीने राहिले आहेत. पुणे वनविभागाने कडबनवाडी आणि शिर्सुफळ येथे सुरू केलेली गवताळ प्रदेशाची सफारी दाखवते, की माळरान माळरान म्हणूनच राखले तरी त्यातून गावाला उत्पन्न मिळू शकते.

मग योजना गुंडाळायची का?

नाही. वनखात्याकडे पैसा कमी आहे. वेडी बाभूळ, टणटणी, गिरिपुष्प काढून माळ आणि टेकड्या सावरायला मनुष्यबळ लागते आणि खासगी पैसा त्यासाठी आला तर तो हवाच आहे. पण तो येण्याआधी चार गोष्टी ठरायला हव्यात. पहिली, मोजपट्टी परिसंस्थेनुसार वेगळी हवी : माळरानाचे यश छत्रावर नव्हे, तर देशी गवताचे आच्छादन, मातीतील कार्बन आणि तिथले प्राणी-पक्षी यांवर मोजले जावे. माळरानांचा वेगळा नकाशा करून ती दाट लागवडीच्या यादीतून वगळावीत. दुसरी, जमीन निवडणारे, काम करणारे आणि तपासणारे हात वेगळे हवेत. तपासनीस मंत्रालयाच्या साखळीबाहेरचा असावा आणि महालेखापरीक्षकांनी दरवर्षी काही प्रकल्प जागेवर जाऊन पाहावेत. तिसरी, प्रत्येक तुकड्याचा गट क्रमांक, लागवडीआधीची स्थिती, उपग्रहचित्रे आणि क्रेडिट कोणी कशासाठी वापरले, हे सारे मराठीत आणि सर्वांना पाहता येईल अशा नोंदवहीत असावे. तीच नोंदवही ग्रीन आणि कार्बन या दोन्ही क्रेडिटसाठी वापरली, तर दुहेरी पावत्यांनाही आळा बसेल. चौथी, ग्रामसभेच्या लेखी संमतीशिवाय आणि चराईचा पर्याय ठरवल्याशिवाय एकही तुकडा यादीत जाऊ नये.

यांतील एकाही गोष्टीसाठी नवा कायदा लागत नाही. ग्रीन क्रेडिटची कार्यपद्धती अधिसूचनेने बदलते, हे मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दाखवून दिले आहे. राज्यापुरते बोलायचे, तर कोणती जमीन या योजनेसाठी पुढे करायची हे राज्याचेच वनखाते ठरवते. माळरानांचे तुकडे यादीतून बाहेर ठेवण्याचा निर्णय मंत्रालयातील एका आदेशाने होऊ शकतो. तो लागवडीआधी झाला तर स्वस्त पडेल. चर खोदून झाल्यावर त्याचा उपयोग नाही.